शांततेचा खंड

‘रेल्वे पाहिजे की दुर्बीण?’ असा प्रश्न गेली काही वर्षे जुन्नर-आंबेगावच्या पारावर विचारला जात आहे, आणि त्याहून अधिक हिरिरीने तो पुण्यातल्या दिवाणखान्यांत विचारला जात आहे. प्रश्न घालणाऱ्याची हुशारी अशी, की उत्तर त्याने प्रश्नातच शिजवून ठेवलेले असते. रेल्वे म्हणजे भाकरी, दुर्बीण म्हणजे चैन. भाकरी आणि चैन यांत निवड करायला न्यायाधीश कशाला हवा? आमचे म्हणणे असे, की हा प्रश्नच खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्या विज्ञानप्रेमी मंडळींनी त्याला दिलेले उत्तरही तितकेच खोटे आहे. या दोन्ही पक्षांशी आम्हांला भांडावयाचे आहे. फराळाच्या ताटात थोडे तिखट असतेच, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी हकीकत. पुणे आणि नाशिक या दोन मोठ्या शहरांना जोडणारा थेट लोहमार्ग आजही नाही. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशा वाटेने सेमी-हायस्पीड रेल्वेची आखणी झाली, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी आगगाडी फक्त पुण्याला जाऊन पाहिली होती त्यांना ती बांधावरून जाणार असे वाटू लागले. पुढे २०२४-२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले, की या आखणीने खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा पोहोचेल. सबब ती बाजूला ठेवून अहिल्यानगर-शिर्डीवरून नवी वाट धरावी. झाले! दुर्बिणीने रेल्वे खाल्ली, असा डांगोरा तालुकाभर पिटला गेला. ज्या वस्तूकडे तीस-पस्तीस वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते ती एका दिवसात सर्वांना दिसू लागली; पण चोर म्हणून.

ही वस्तू आहे तरी काय? नारायणगावहून आत वळले, कांद्याची आणि द्राक्षाची शेते मागे पडू लागली, की झाडांच्या शेंड्यांवरून प्रचंड परड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. म्हणजे पंधरा मजली इमारत आडवी घातली तर तिच्यात मावेल. अशा एकंदर ३०. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकात दाटीने बसलेल्या, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या तीन हातांवर, प्रत्येक हात सुमारे १४ किलोमीटर लांब. या तीसही परड्यांना एकाच वेळी आकाशाच्या एकाच बिंदूकडे वळवता येते. दोन-दोनांच्या जोड्या लावल्या तर त्या ४३५ होतात. प्रत्येक जोडीने ऐकलेले मध्यवर्ती यंत्रात एकमेकांशी ताडून पाहिले, आणि पृथ्वी आपल्या गतीने फिरत असताना तासन् तास ताडत राहिले, म्हणजे या ३० परड्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीइतके बारीक पाहू शकतात. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप; लोक जीएमआरटी म्हणतात. १९८७ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली, नव्वदीच्या दशकात ती उभी राहिली, ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली आणि २००२ पासून जगातल्या सर्व देशांच्या संशोधकांना खुली झाली.

ती परडी आम्ही जवळून पाहिली तेव्हा प्रथम फसवणूक झाल्यासारखे वाटले. तिला पत्राच नाही! जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारेची जाळी, आतल्या भागात एक सेंटीमीटरच्या चौकटीची, कडेला दोन सेंटीमीटरच्या. तीही दोरासारख्या ताणलेल्या तारांवर शिवलेली, बाजेच्या सुंभावर गोधडी टाकावी तशी. पण सारा चमत्कार इथेच आहे. चाळणीत पाणी ठरत नाही, हरभरा ठरतो. ही दुर्बीण ज्या लहरी झेलते त्या सुमारे वीस सेंटीमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत लांबीच्या. त्यांच्या दृष्टीने दोन सेंटीमीटरचे भोक म्हणजे भोकच नव्हे, ती सबंध भिंतच. वारा मात्र त्या भोकांतून खुशाल निघून जातो. वारा अडवला नाही म्हणून सांगाडा जड लागला नाही, सांगाडा जड लागला नाही म्हणून पाया, मोटारी, पोलाद सगळ्याला कात्री लागली, आणि श्रीमंत देशांनी हात टेकावेत एवढ्या ३० परड्या एका गरीब देशाला परवडल्या. ही युक्ती गोविंद स्वरूप यांची. दिवाळी अंकांतून आकाश येते ते बहुधा शेवटच्या पानांवर, बारा राशींचे. त्यामुळे हे नाव आमच्या साहित्यिक वाचकांच्या कानावरून गेलेच असेल असे आम्ही धरून चालत नाही.

या गृहस्थांची कारकीर्द जुन्या सामानापासून सुरू झाली. १९५३ मध्ये ते सिडनीला शिकावयास गेले होते. तिथल्या संशोधकांना नको झालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या. त्या इकडे आल्या १९५८ मध्ये, आणि बरीच वर्षे पडून राहून १९६५ साली कुठे उभ्या राहिल्या? मुंबईजवळ कल्याणला! तेथून सूर्याची निरीक्षणे झाली. पुढे उटकमंडला, डोंगराचा जो उतार अक्षांशाच्या कोनाइतकाच कललेला होता तो हुडकून, त्यावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये उभी केली. म्हणजे दुर्बिणीची निम्मी मांडणी डोंगरानेच करून दिली. आणि मग खोडद. ‘गरीब देशाला हे थेर कशाला?’ असे विचारणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की हे श्रीमंतांचे थेर नव्हेतच. हा गरिबाच्या संसारातला टुकीचा कारभार आहे. जुने मागून आणावे, उताराचा उपयोग करावा, पत्र्याऐवजी जाळी लावावी. आमच्या आज्या याहून निराळे काय करीत होत्या?

पण कल्याणचा उल्लेख आम्ही केला तो वेगळ्या कारणासाठी. आज कल्याणला रेडिओ दुर्बीण उभारा असे कोणी म्हणाले तर लोक त्याला वेड्यात काढतील. १९६५ साली ते वेडेपण नव्हते. मधल्या काळात कल्याणची एक वस्तू कायमची नाहीशी झाली, आणि ती गेल्याचे दुःख कोणाला झाले नाही, कारण ती होती हेच कोणाला माहीत नव्हते. ती वस्तू म्हणजे रेडिओ लहरींची शांतता.

हीच या साऱ्या भांडणाच्या मुळाशी आहे. दुर्बीण बोलत नाही, ती ऐकते. तिच्यातून किरण निघतात आणि ते बाधतात, अशी एक समजूत कानी येते. तिच्यात तथ्य नाही. बाधा होते ती उलट दिशेने, आपल्याकडून तिला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. त्याच्यावरचा प्रक्षेपक अवघ्या काही वॅटचा. खोलीतला दिवाही त्याहून बलवान असावा. मंगळ त्या दिवशी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवर. तेवढ्या अंतरावरून त्या यानाची किणकिण खोडदच्या परड्यांनी ऐकली, आणि उतरता उतरता ती अचानक थांबली तेही ऐकले. यान आदळून फुटले होते. आता आकाशगंगांतल्या हायड्रोजनचा आवाज या किणकिणीपेक्षा किती पटींनी क्षीण असेल याची कल्पना वाचकांनी करावी. २०२३ च्या जून महिन्यात जगभरच्या ज्योतिर्विदांनी, मेलेल्या ताऱ्यांच्या घड्याळासारख्या ठोक्यांत पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजून, विश्वभर पसरलेल्या गुरुत्वलहरींचा पुरावा मांडला. त्या मोजणीत खोडदचाही वाटा होता. हे ठोके ऐकायचे आणि शेजारी वेल्डिंगची ठिणगी उडाली तर? मार्कोनीचा पहिला प्रक्षेपक म्हणजे दुसरे काही नव्हते, ठिणगीच होती. ठिणगी उडाली की ती मीटर-लहरींचे लहानसे आकाशवाणी केंद्रच होऊन बसते. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावरचा दांडा पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवरून घसटत जातो तेव्हा अशाच ठिणग्या पडतात. रेल्वेवरचा आक्षेप एवढाच आहे आणि तो खरा आहे. तो शास्त्रज्ञांचा मानभावीपणा नव्हे.

‘मग दुर्बीण हलवा की!’ असे एक पुढारी तावातावाने म्हणताना आम्ही ऐकले. पोलाद हलवता येईल हो. नटबोल्ट काढून ट्रकमध्ये भरता येईल. पण हलवणार कुठे? पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर हे खोरे निवडले तेव्हा भोवती डोंगरांचा आडोसा होता आणि देशात मीटर-लहरींची गजबज कमी होती. पश्चिमेकडच्या देशांनी त्या लहरी दूरचित्रवाणीने आणि बिनतारी यंत्रांनी केव्हाच भरून टाकल्या होत्या. तिथल्या ज्योतिर्विदांनी आखूड लहरींची वाट धरली, आणि लांब लहरींचे दालन आमच्यासाठी उघडे राहिले. म्हणजे आमचे मागासलेपण हेच आमचे भांडवल झाले! जगाच्या पाठीवर असा योग फार थोड्या वेळा येतो. १९७१ साली खोडदच्या जवळच आर्वीला उपग्रहाशी बोलणारे देशाचे विक्रम भूकेंद्र बसवले गेले हेही ध्यानात घ्यावे. चैत्रात ज्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात आणि सुपाऱ्या ठरताना कान किटतात, त्याच नारायणगावच्या परिसराला ही दुसरी, ऐकू न येणारी दौलत लाभली होती. आज मोबाइलचे मनोरे नाहीत असे दुसरे खोरे दाखवा, मग दुर्बीण हलवण्याची भाषा करा.

इथपर्यंत वाचून विज्ञानप्रेमी वाचक समाधानाने मान डोलावू लागले असतील. त्यांनी जरा थांबावे. आता त्यांची पाळी आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला मोठे प्रदर्शन भरते आणि शाळांच्या पोरांची जत्रा लोटते. एका वर्षी आम्ही त्या गर्दीत होतो. फाटकाशी मोबाइल बंद करावयास सांगतात. आमच्या पुढे एक शेतकरी गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते. त्यांनी तो कधीच बंद करून खिशात ठेवला होता. आमचा पिशवीत चालूच होता. त्या गृहस्थांशी पुढे बोलणे झाले. आम्ही नेहमीच्या शहरी उत्साहाने म्हणालो, ‘केवढा अभिमान वाटत असेल तुम्हांला!’ ते म्हणाले, ‘वाटतो ना. पाव्हणे आले की मीच दाखवायला आणतो. पण साहेब, माझा पोरगा रोज चाकणला कामाला जातो. तिथं कारखाने हायेत, इथं का नाय? तर म्हणं आवाज होतो. बरं, नाय केला आवाज. पण आवाज नाय केल्याचं काय?’

आम्हांला उत्तर सुचले नाही. नातू झुकलेल्या तबकडीच्या कानाशी कान लावायचा प्रयत्न करीत होता. त्याच्याकडे पाहत आम्ही वेळ मारून नेली.

‘आवाज नाय केल्याचं काय?’ विज्ञानाच्या बाजूने लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला आहे काय? आम्ही काय लिहितो? ‘स्थानिकांचे प्रबोधन झाले पाहिजे.’ म्हणजे भाडे द्यावयाचे नाही, आणि वर घरमालकाला चार उपदेशाच्या गोष्टी सांगावयाच्या! या टापूत उद्योग काढायचा, मनोरा उभारायचा, तर दुर्बिणीला त्रास होणार नाही अशी परवानगी लागते. निर्बंध आहेत, आणि ते रास्त आहेत. पण निर्बंधाची किंमत कोणी तरी मोजतोच. तबकडीखालच्या जमिनीचा हिशेब सरकारी दप्तरात असतो. तबकडीभोवतीच्या शांततेचा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही, जणू ती आभाळातून फुकट पडली. ती फुकट पडलेली नाही. चाकणला जाऊन-येऊन जो वेळ जातो, गावात न आलेल्या पगाराचे जे पैसे गावातल्या दुकानात पडत नाहीत, ते सगळे तिच्यात गेलेले आहे.

आमच्या मुलखात दुसऱ्याच्या जमिनीवर पीक काढणाऱ्याने खंड भरावा अशी रीत होती. कूळकायद्याने कसणाराला मालक केले, तरी जमिनीची किंमत त्याला भरावीच लागली. इथे तर सारा देश जुन्नरच्या शांततेवर पीक काढतो आहे. पीक उत्तम आले आहे. २०२० मध्ये या दुर्बिणीला विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून गौरविले, तेव्हा आपण सर्वांनी पाठ थोपटून घेतली. पण खंड? छदामसुद्धा नाही. कोयनेच्या पाण्यावर वीज झाली आणि गावे बुडाली, तेव्हा निदान ‘धरणग्रस्त’ हा शब्द तरी मराठीत आला, आणि शब्द आला म्हणून मोर्चा काढता आला. ज्याची जमीन जागेवरच आहे, घर जागेवरच आहे, फक्त होऊ शकले असते ते झालेले नाही, अशा माणसासाठी आमच्या भाषेपाशी शब्दही नाही. आणि ज्याला शब्द नाही त्याला ‘रेल्वे की दुर्बीण’ ही आयती घोषणा मिळाली तर तो ती देणारच.

बाहेरच्या देशांनी ही गोष्ट अशी भोंगळपणे सोडून दिलेली नाही. अमेरिकेने १९५८ सालीच ग्रीन बँक भोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरांचा शांतता-प्रदेश नियमाने बांधून घेतला. दक्षिण आफ्रिकेने कारूच्या माळरानासाठी २००७ मध्ये संसदेत कायदाच केला. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आम्हांला सर्वांत बोलके वाटते. ज्या महादुर्बिणीत भारतही भागीदार आहे ती एसकेए, तिचा एक भाग पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वैराण मुलखात उभा राहत आहे. ती भूमी वजारी यमाजी या मूळ रहिवाशांची. त्यांच्याशी वाटाघाटी करून २०२२ मध्ये लेखी करार झाला, आणि त्या वेधशाळेला त्यांच्याच भाषेतले नाव दिले गेले; त्याचा अर्थ, आकाश आणि तारे वाटून घेणे. त्या लोकांवर गोऱ्यांनी केलेले अन्याय एका कराराने धुऊन निघत नाहीत हे आम्ही जाणतो. पण करार करताना समोर कोणी तरी बसलेले असावे लागते, आणि ते बसले होते. आमच्याकडे समोरच्या खुर्चीवर जुन्नरच्या शेतकऱ्याला बसवावे हे कोणाच्या मनात आले आहे काय?

रेल्वे वळवायची असेल तर अवश्य वळवावी. मार्ग इकडून न्यावा की तिकडून, ठिणग्या झाकता येतील की नाही, हे अभियंत्यांनी मोजून सांगावे. घोषणांनी ते ठरत नाही. परंतु वळणाचे जादा किलोमीटर जसे रेल्वेच्या अंदाजपत्रकात धरले जातात, तसाच जुन्नर-आंबेगावचा तोटाही धरला पाहिजे, आणि तो शांततेच्या खात्यावर मांडला पाहिजे. या टापूतल्या विजेच्या तारा सरकारने स्वतःच्या खर्चाने जमिनीखाली घ्याव्यात. तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास दुर्बिणीला होतोच, आणि वादळात तुटणाऱ्या तारांचा त्रास शेतकऱ्याला होतो. ज्या उद्योगांना धातूच्या आवरणाने मुके करता येते त्यांना त्या आवरणाचा खर्च द्यावा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की माल रस्त्यावर ओतला जातो. त्याच्या प्रक्रियेचा एक कारखाना, मुक्या मोटारींचा, इथे उभा राहिला तर आकाशातल्या हायड्रोजनला काही इजा होणार नाही. ज्या देशाने चाळणीची दुर्बीण केली त्याला आवाज न करणारी मोटार बसवता येऊ नये, हे आम्हांला पटत नाही. आणि हे सर्व ‘स्थानिकांच्या कल्याणासाठी’ नव्हे. ते देणे म्हणून, दर वर्षी, पावती देऊन.

यावर वैज्ञानिक मंडळींतले कोणी म्हणतील, की आमचे काम आकाश पाहण्याचे; हे शासनाचे काम. शासनातले म्हणतील, केंद्राचे आहे. केंद्रात विचारावे तर दुर्बीण अणुऊर्जा खात्याकडे, गाडी रेल्वेकडे, मनोरे तिसऱ्याकडे, आणि शेतकरी कोणाकडेच नाही. साहित्यिक तर काय, आपल्याला विज्ञानातले कळत नाही हे अभिमानाने सांगण्याची आपली परंपराच आहे. पण ‘आवाज नाय केल्याचं काय’ हे वाक्य कळायला विज्ञान लागत नाही.

येत्या २८ फेब्रुवारीला आम्ही पुन्हा खोडदला जाणार आहोत. ते गृहस्थ नातवाला घेऊन येतीलच. नातू एव्हाना मोठा झाला असेल आणि चाकणचे वय त्याला जवळ आले असेल. त्यांना देण्यासारखे उत्तर अद्याप आमच्यापाशी नाही. वरच्या तिन्ही खात्यांपैकी कोणापाशी असल्यास त्यांनी ते त्याआधी कळवावे. आम्ही पोहोचते करू.